येतो

१

अनसाबाईला मोबाइलवरच्या खेळाचं वेड लागलं तेव्हा आधी सगळी आळी हसली. जिचा निम्मा जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेला, जिला अक्षर म्हणून ओळखू येत नव्हतं, ती म्हातारी दुपारचं जेवण झालं की खाटेवर भिंतीला टेकून बसायची, चष्मा पुसायची आणि पडद्यावरचा दांडा बोटानं खाली ओढायची.

खेळ अगदी साधा होता. जुन्या काळच्या यंत्राची नक्कल केलेली लाकडी रंगाची पेटी, तिला तीन खिडक्या आणि उजवीकडं लाल मुठीचा दांडा. दांडा ओढला की खिडक्यांतली चित्रं गरगरायची आणि एकेक करून थांबायची. चेरी, लिंबू, घंटा, सात. चित्रंसुद्धा मुद्दाम जुन्या थाटाची, जाड चौकोनी ठिपक्यांची. तिन्ही सारखी आली की टिणटिण वाजायचं, बस्स. पैशाचा संबंध नव्हता. अनसाबाई चेरीला बोरं म्हणायची, आणि घंटा वाजली की हसून म्हणायची, "आली बाई मेंढरं."

मोबाइल माऊलीचा होता. माऊली म्हणजे अनसाबाईचा एकुलता एक मुलगा आणि रुपालीचा नवरा. तो शिरूरच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता. दोन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी डबा घेऊन यवतहून मोटरसायकलवर निघाला, तो कामावर पोचलाच नाही. गाडी शिरूरला घोडनदीच्या पुलाजवळ मिळाली, किल्ली तशीच लावलेली. पाण्यात माणसं उतरली, काठ पालथे घातले, केडगावपासून दौंडपर्यंत स्टेशनांवर फोटो लागले. माऊली मिळाला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. मोबाइल मात्र तो त्या दिवशी घरीच चार्जिंगला विसरून गेला होता.

रुपालीनं पुष्कळ दिवस तो कपाटात ठेवला. मग सासू नुसती दाराकडं बघत बसते हे बघवेना, म्हणून तिनं तो बाहेर काढला. मोबाइलच्या दुकानातल्या हौशीरामनं त्यात सगळं मराठी करून दिलं, आणि म्हातारीला वाचता येत नाही म्हणून पडद्यावरचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची सोयही चालू केली. आवाज बाईचा होता, सपाट आणि कोरडा, स्टेशनावर गाड्या पुकारतात तसा. खेळ त्यात आधीपासूनच होता. माऊलीनंच कधीतरी घेतलेला असणार.

पहिल्या दुपारी अनसाबाईनं मन भरेपर्यंत दांडा ओढला आणि मग खेळ बंद केला. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची अक्षरं आली, आणि ती बाई म्हणाली, "येतो."

रुपालीला हसू फुटलं. "आत्या, बाई असून 'येतो' म्हणतीय बघा." सासूला ती आत्याच म्हणायची.

अनसाबाई हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि मोबाइलकडं बघून म्हणाली, "ये."

२

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण अनसाबाईच्या घरात त्याला आणखी एक शेपूट होतं. रानात तळ पडलेला असायचा, आणि तिचा नवरा म्हस्कू सकाळी मेंढरं घेऊन निघताना 'येतो' म्हणायचा. तेव्हा तळावर मागं राहणाऱ्यानं 'ये' म्हणायलाच हवं. हातातलं काम सोडून म्हणायचं. म्हस्कू वारला, मेंढरं विकली, यवतला दोन खोल्या आणि गिरणी झाली, तरी ही रीत काही सुटली नाही. पोस्टमन 'येतो मावशी' म्हणून वळला तरी ती त्याला गल्लीच्या टोकापर्यंत 'या, या' करत राहायची.

"'येतो' म्हणल्यालं आसं लोंबत ठिऊ न्हाई," ती म्हणायची. "मागं कुणीतरी हाय, हे जाणाऱ्याला कळाया पायजे."

आणि नेमकं माऊलीचंच लोंबत राहिलं होतं. त्या सकाळी अनसाबाई देवळात गेली होती आणि रुपाली गिरणीवर होती. त्या घराला दार एकच आहे. पुढं गिरणीची खोली, तिच्यामागं अनसाबाईच्या खाटेची मधली खोली, त्यामागं स्वयंपाकघर. आतून कुणीही निघालं तरी गिरणीतूनच जावं लागतं. म्हणजे माऊली रुपालीच्या पाठीमागून गेला होता. पट्टा फिरत होता, जोंधळा भरडला जात होता, कानठळ्या बसत होत्या. त्यानं 'येतो' म्हटलं का? म्हटलंच असेल, रोज म्हणायचा. तिला ऐकू आलं नाही आणि तिनं 'या' म्हटलं नाही. या गोष्टीवरून सासूनं तिला एका शब्दानं कधी टोचलं नव्हतं. रुपालीला त्याचंच जास्त लागायचं.

त्यामुळं म्हातारी रोज दुपारी मोबाइलला 'ये' म्हणते याकडं रुपालीनं कानाडोळा केला. एका आईला मशीनशी दोन शब्द बोलून बरं वाटत असेल तर बिघडलं कुठं? बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली बाई ती, असल्या गोष्टींना भिणारी नव्हती. एवढंच की आताशा मधल्या खोलीत गेलं की तिला माऊलीच्या कामाच्या कपड्यांचा तेलकट वास यायचा. ते कपडे तिनं केव्हाच वाटून टाकले होते.

३

"रुपे, आज रस्ता आला."

"कसला रस्ता?"

"ह्यो बघ की. लिंबू, लिंबू आन् रस्ता."

रुपालीनं पिठाचे हात झटकून मोबाइल घेतला. तिसऱ्या खिडकीत खरंच नवं चित्र होतं. दोन वाकड्या रेघा वर जाऊन मिळत होत्या, आणि त्यांच्या मध्ये एक काळा ठिपका.

"माणूस हाय त्यो," अनसाबाई म्हणाली.

"आत्या, ठिपका आहे नुसता."

चार-आठ दिवसांत ठिपक्याला पाय फुटले. मग खांदे आले. मग खांद्याला चौकोनी काहीतरी लटकलं, त्याला अनसाबाई डबा म्हणायला लागली. चित्र थोडं थोडं मोठं होत होतं यात शंका नव्हती. म्हातारीचं जेवण वाढलं, ती वेणीफणी करायला लागली. शेजारणीला म्हणाली, "माझा ल्योक निघालाय. जवळ यायलाय."

रुपालीला आता हसू येईना. ती मोबाइल घेऊन हौशीरामच्या दुकानात गेली. हायवेच्या कडेचं दुकान, समोर एसटी थांबायची, हॉर्नच्या गोंगाटात तिला जरा धीर आला. हौशीरामनं आपल्या मोबाइलवर तोच खेळ उतरवून घेतला. त्याच्यात रस्ता नव्हता. बंद करताना पडद्यावर साधं आलं, 'खेळ बंद करायचा का? होय, नाही.'

"तुमचं जुनं असंल, वहिनी," तो डोकं खाजवत म्हणाला. "जुन्यात काय काय सोडत्यात हे लोक. इंग्रजीतनं मराठी मशीन करती, तिला बाई-बाप्या काय कळतंय? 'येतो' म्हणली, चाललं."

"आणि ते चित्र?"

हौशीरामनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. खेळ तसाच तिसऱ्या खिडकीवर थांबलेला होता. त्यानं बराच वेळ बघितलं. माऊली आणि तो एका वर्गातले.

"काढून टाकू का हे?" त्यानं विचारलं. आवाज जरा उतरला होता. "बोट दाबलं की गेलं."

रुपालीनं मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला. आत्या रडतील, असं तिनं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण वाटेत तिला स्वतःशी कबूल करावं लागलं, की दुपारी गिरणी बंद असली की मधल्या खोलीतून ऐकू येणाऱ्या त्या 'येतो'साठी तिचेही कान टवकारलेले असायचे.

४

त्या दिवशी दुपारी लाइट गेली. पट्टा सावकाश थांबला, आणि गिरणी थांबल्यावर घरात जी शांतता होते ती झाली. रुपाली शटरच्या उंबऱ्याशी स्टूल टाकून, तोंड रस्त्याकडं करून बसली. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. आत म्हातारीचा खेळ चालू होता. टिणटिण झालं आणि बंद झालं.

"येतो," ती सपाट बाई म्हणाली.

अनसाबाई लगेच काही बोलली नाही. जांभई देत असेल, चष्मा काढत असेल. त्या मधल्या वेळात रुपालीला मागून आवाज आला. अनवाणी पाय फरशीवर पडतात तसा. एक, मग दुसरा, घाई नसलेला. तिला वाटलं आत्या पाणी प्यायला उठल्या. पण आवाज स्वयंपाकघराकडं न जाता इकडं, तिच्या पाठीशी आला आणि थांबला. तेलाचा वास आला. वळायचं तिच्या जिवावर आलं.

"ये रे माज्या लेकरा," आतून अनसाबाई म्हणाली, खाटेवरूनच.

पाठीमागं खर्रकन काहीतरी ओढल्यासारखं झालं. मग काही नाही.

रुपाली वळली तेव्हा गिरणीत कुणी नव्हतं. सकाळपासून झाडलं नव्हतं, फरशीवर पिठाचा पातळ थर होता. त्यावर पावलं उमटली होती, पुरुषाची, अनवाणी. मधल्या खोलीच्या दारातून निघून सरळ तिच्या स्टुलापर्यंत आलेली. सगळ्यांची बोटं बाहेरच्या बाजूला. परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं. फक्त शेवटच्या दोन पावलांच्या टाचांमागं पीठ फरफटलं होतं, दोन लांब रेघांत, आत मधल्या खोलीपर्यंत.

तिनं आधी गिऱ्हाइकं आठवली. कुणी चप्पल काढून आत गेलं असेल का? का गेलं असेल? मग तिनं झाडू घेतला आणि सगळं भराभर झाडून टाकलं, आणि झाडून झाल्यावर वाटलं, कुणाला तरी दाखवायला हवं होतं. आत जाऊन तिनं मोबाइल उचलला. तिसऱ्या खिडकीतला माणूस आता खिडकीभर झाला होता.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. इतके दिवस डोळ्यांसमोर असून दोघींनाही दिसलं नव्हतं. चित्रातल्या माणसाला तोंड नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत, ठिपके कमी पडले असतील असं ती समजत होती. पण तोंड नव्हतं कारण तो पाठमोरा होता. जवळ येणारा माणूस पाठमोरा कसा असेल? तो चालत होता पुढं, आणि येत होता मागं.

५

"आत्या, उद्या त्याला 'ये' म्हणू नका."

अनसाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "आईनं लेकाला 'ये' म्हणू न्हाई?"

"'येतो' कोण म्हणतं, आत्या? जो निघालाय तो म्हणतो. तो येत नाहीये. रोज निघतोय. आणि रोज तुम्ही..."

तिनं मोबाइल म्हातारीपुढं धरला आणि त्या चौकोनी पाठीवर बोट ठेवलं. अनसाबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मेंढरं पुढं गेली की कुठलं जनावर माघारी वळलंय आणि कुठलं लांब चाललंय, हे सांगण्यात जिची हयात गेली, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"मग काय म्हणू?" ती म्हणाली. "जा म्हणू?"

"काहीच म्हणू नका."

"त्याचं 'येतो' लोंबतच ठिऊ? पुना?"

रुपालीला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, नवरा आणि मुलगा गेलेल्या बायका रडतात तशा. अनसाबाईनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी वडत हुते व्हय त्याला," ती म्हणाली. "मला वाटायचं, एकला येतोय बिचारा. एकलाच जात हुता की गं."

मग तिनं डोळे पुसले आणि चहा मागितला. चहा पिताना ती शांत होती, जरा जास्तच शांत. रुपालीला वाटलं, समजलं त्यांना. आणि एका परीनं ते खरंच होतं.

६

दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळणाची रांग लागली होती. दुपारी माणसं डबे ठेवून जेवायला गेली, तरी रुपालीनं गिरणी बंद केली नाही. आवाज होता तेच बरं वाटत होतं. वरच्या खोक्यात ती गहू ओतत होती, तोंडाला रुमाल, पाठ घराकडं.

"येते गं," गोंगाटातून आत्यांचा आवाज आला. रोजचाच आवाज, देवळात जाताना असायचा तसा.

"या!" रुपाली मान न वळवता ओरडली.

गहू संपेपर्यंत तिला काही वाटलं नाही. देवळाची वेळ ही नव्हे, हे डबा खाली ठेवताना डोक्यात आलं. तिनं बटण बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग खाली बघितलं.

पिठात पावलांच्या दोन ओळी होत्या, शेजारी शेजारी. एक मोठी, एक लहान. लहान पावलाचा डावा अंगठा बाहेर वळलेला, तो आत्यांचाच. दोन्ही ओळी मधल्या खोलीतून निघून तिच्या पाठीमागून गेल्या होत्या आणि शटरचा उंबरा ओलांडून बाहेर. या वेळी टाचांमागं काही फरफटलेलं नव्हतं. खाटेखाली आत्यांच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या, आणि खाटेवर मोबाइल.

समोरच्या टपरीवरचा बन्सी सकाळपासून जागचा हलला नव्हता. तो म्हणाला, "कुणीच न्हाई गेलं, वहिनी. मी हितंच हाय की."

७

रात्रभर शोधलं. सकाळी पोलिसांत नोंद झाली, आणि हौशीराम चार माणसं घेऊन शिरूरला पुलाकडं गेला. रुपालीलाही जायचं होतं, पण कुणीतरी घरी थांबायला हवं, म्हातारी परत आली तर, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दुपारी आळी जेवून लवंडली तेव्हा ती गिरणीत एकटीच होती. फरशी तिनं कुणाला झाडू दिली नव्हती. लोक दाराच्या कडेकडेनं आले-गेले होते, आणि मधल्या दोन ओळी तशाच होत्या.

मोबाइल तिच्या मांडीवर होता. तिनं दांडा ओढला. पहिल्या खिडकीत रस्ता आला. दुसऱ्या खिडकीत रस्ता. तिसऱ्या खिडकीत रस्ता. लांबवर, दोन रेघा मिळतात तिथं, एक ठिपका होता. माऊली. तिन्हींपैकी शेवटच्या खिडकीत तर तो दिसेनासाच होत आला होता. गेला बिचारा, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तिला दुःख झालं आणि हायसंही वाटलं.

पण रस्त्यावर अलीकडं आणखी कुणीतरी होतं. पहिल्या खिडकीत बारीक, दुसऱ्यात जरा मोठं. तिसऱ्यात हिरव्या ठिपक्यांचं आत्यांचं लुगडं ओळखू येत होतं. पाठमोरं.

तिनं घाईनं खेळ बंद केला. पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं आली.

"येते," ती सपाट बाई म्हणाली.

शुद्ध मराठी. मशीनला आता बाई-बाप्या कळायला लागलं, असं हौशीराम म्हणाला असता. रुपालीनं मोबाइल पालथा ठेवला आणि तिची नजर फरशीवर गेली. मोठी पावलं होती तशीच होती. लहान पावलांच्या ओळीवरून मात्र उंबऱ्यापासून आतपर्यंत पिठात दोन रेघा ओढल्या गेल्या होत्या. सकाळी त्या नव्हत्या.

मधल्या खोलीत खाट करकरली, कुणीतरी भिंतीला टेकून बसावं तशी.

जिभेवर शब्द येऊ नये म्हणून रुपालीनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. पण 'या' तर तिनं कालच म्हटलं होतं.